चाकाखालचं लिंबू

गाडी निघाली ती चक्क मागे!

भागिरथी नुसती बसून पाहायला म्हणून बसली होती. सहादेवमामांची ती लाल, उघडी, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी. हँडब्रेक तिनं जरासा हलवून पाहिला मात्र, अंगणाच्या उतारावरून गाडी जी सुटली ती थेट कोपरगावच्या रस्त्याकडे. आता घाबरून तिनं काय करावं? बैलांचा कासरा ओढावा तसं स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं!

गाडी कुठली ऐकतेय? साखर कारखान्याच्या जीपपुढं ती आडवी येणार, तेवढ्यात जीपमधल्या तरुणानं उडी टाकली, पळत येऊन आत हात घातला आणि हँडब्रेक खेचला. गाडी थांबली. भागिरथीचे डोळे मात्र गच्च मिटलेलेच.

"उघडा आता," तो म्हणाला. "कासरा सोडला तरी चालंल."

तिनं डोळे उघडले. समोर त्याचा चेहरा – भुवयांवर धूळ, काळेभोर डोळे आणि ओठांत दाबून धरलेलं हसू... शाळेतली पोरं ज्या मास्तरणीच्या नुसत्या नजरेनं चिडीचूप व्हायची, तिला हा हसतो?

"हसायला काय झालं?"

"मी कुठं हसलो?"

"मग दात का दिसतायत?"

"ते... उन्हानं."

तिलाच हसू आलं. मग नाव कळलं – कानिफनाथ. कारखान्याच्या शेतकी खात्यात होता, गावोगावचा ऊस पाहत हिंडायचा.

तोवर काठी टेकत मामा आले. आईबापावेगळ्या भागिरथीला त्यांनीच वाढवलं होतं. फौजेतून निवृत्त होताना नगरच्या एका साहेबाकडून त्यांनी ही गाडी घेतली आणि जिवापाड जपली. आता डोळ्यांनी दगा दिला होता, तरी रोज सकाळी ते ती चाचपडत पुसायचे. श्रीरामपूरचा एक ठेकेदार गाडीसाठी मागं लागला होता.

"पडून ऱ्हायली की गंज चढतो," मामा म्हणाले. "मला दिसत न्हाई, पन हाताला कळतो. दसऱ्याला चाकाखाली लिंबं ठेवू. घरातल्या कुनी त्यावरनं गाडी भाइर काढली तर ऱ्हाईल, न्हाईतर देऊन टाकीन. भागू, शिकशील?"

"शिकवणार कोण?"

"आत्ता गाडी थांबवली, त्यो."

शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी, घराजवळच्याच पाटाच्या कडेच्या रस्त्यावर.

"क्लच हळू सोडायचा, बाई. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढतात तसा."

लेकरू रोज दचकून उठायचं. गाडी धाडकन उसळायची आणि बंद पडायची. मग गिअरच्या दांड्यावरच्या तिच्या हातावर त्याचा हात यायचा – "असा. पुढं ढकला... आता सोडा." गिअर पडायचा, पण पुढचं काही तिच्या कानात शिरायचं नाही.

एकदा हस्ताची सर आली. गाडीच्या टपाचं कापड केव्हाच फाटलेलं. त्यानं छत्री उघडली आणि सगळी तिच्यावरच धरली.

"तुम्ही भिजताय."

"मी ऊस आहे समजा. पावसानं माझं काही बिघडत नाही."

आणि एका संध्याकाळी, तो कुणाचा ऊस पाहायला बांधावर गेलेला असताना, तिनं एकटीनंच क्लच सोडला. गाडी अलगद निघाली! वळणापर्यंत गेली, थांबली, पुन्हा निघाली. भागिरथीला आनंदानं ओरडावंसं वाटलं... आणि तोंडावर आलेली आरोळी तिनं गिळली. शिकून झालं म्हणजे संपलंच की. दसरा झाला की कारखान्याचा हंगाम सुरू होणार. मग हा कशाला इकडे फिरकतोय?

तो परत आला, तशी तिनं गाडी धाडकन बंद पाडली.

"अगंबाई... पुन्हा?" ती म्हणाली.

"पडू द्या," तो म्हणाला. "उद्या येतोच की."

मग रोज तेच. मामा ओट्यावर बसून कान लावायचे. गाडी उसळून बंद पडल्याचा आवाज आला की मान खाली घालायचे. "जमंना व्हय गं?" एवढंच विचारायचे. भागिरथीला घास गोड लागेना.

दसरा उजाडला. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी केली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. ठेकेदार आपला ड्रायव्हर घेऊनच आला होता. भागिरथी गाडीत बसली, शेजारी कानिफनाथ. मामांनी बॉनेटवर हात ठेवला.

"न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे, पोरी. तू जिवाला लावून घेऊ नगंस," ते म्हणाले, पण हात काही उचलवेना.

बॉनेटवरून न हटणारा तो हात पाहून भागिरथीला भरून आलं. कानिफनाथकडे तिनं पाहिलंच नाही. मामांना बाजूला व्हायला सांगून तिनं क्लच दाबला, गिअर टाकला... आणि हळू, अगदी हळू क्लच सोडला. लिंबं फुटल्याचा ओला आवाज आला. ना उसळी, ना धक्का. गाडी अंगणाबाहेर पडली आणि मागून मामांची आरोळी आली – "ऱ्हायली! माझी गाडी ऱ्हायली!"

पाटापाशी तिनं गाडी थांबवली. डोळे भरले होते.

"झाली शिकवणी," ती म्हणाली. "मी... मी खोटं वागले. मला केव्हाचं येत होतं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"नवशिक्याला धक्का अचानक बसतो, बाई. तुम्ही मात्र धक्का बसायच्या आधीच पदर सावरून बसायचात."

ती कानापर्यंत लाल झाली. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी कशाला आलो असतो?" त्यानं खिशातून आपट्याचं पान काढून तिच्यापुढं धरलं. "सोनं घे... भागिरथी."

आजवर त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "संध्याकाळी आई-दादा मामांना सोनं द्यायला येतो म्हणतायत. मागणीच घालायची आहे त्यांना. येऊ देत?"

तिनं पान घेतलं आणि वेणीत खोवलं.

"येऊ द्या. पण शिकवणी बंद करायची नाही."

"आता काय राहिलं शिकायचं?"

"गाडी मागं घेणं," ती म्हणाली. "ते मला अजून बिलकूल येत नाही."

"खरंच?"

"अगदी खरंच," भागिरथी म्हणाली, आणि तिनं हळूच पदर सावरला.