लाल गाडी आणि उजवी सीट

पहिल्याच भेटीत त्यानं मला वजन विचारलं.

कशा आहात नाही, काय करता नाही... एकदम वजन! वाऱ्यानं माझे केस माझ्याच तोंडात जात होते, आणि आखूड धावपट्टीच्या कडेला हातात पेन घेऊन उभा असलेला तो लिफ्टवाला शांतपणे म्हणाला, "आणि तुमचं किती?"

तो पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीत एका मित्राबरोबर भागीत घेतलेलं चार सीटांचं जुनं विमान उडवायचा. "आठवडाभर लोकांना वर पोचवतो. सुट्टीत माझा नंबर," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याची आई आणि माझी मावशी एकाच ऑफिसात. त्या ओळखीवर मावशीनं ही तीन दिवसांची सहल जमवली होती. किनाऱ्यावरून उडत जायचं, वाटेत एका गावी मुक्काम, दुसऱ्या दिवशी दीपगृहाचं गाव आणि तिसऱ्या दिवशी परत. सहल मावशीची, तिची लेक चिमणी हा सहलीचा उद्देश, आणि मी शेपूट.

चिमणीनं "पंचेचाळीस" हा आकडा खडीसाखर चघळावी तसा सांगितला. मावशीनं आपला आकडा त्याच्या कानात सांगितला. उरले मी.

"कशाला हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"पुढची धावपट्टी याहून आखूड आहे. वजनाचा हिशेब चुकला तर सगळ्यांनाच पोहावं लागेल."

"मग मी गाडीनं येते. सामानही आणते. तुमच्या विमानाला माझा भार नको."

"भार म्हणालो का मी?" तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, दुसरा नुसता बघत होता. "या गाडीनं. रस्ता समुद्राच्या कडेकडेनंच जातो. वरून दिसाल मला."

"दिसले तर काय कराल?"

"पंख हलवीन. नमस्कार म्हणून. तुम्ही गाडीचे दिवे लावा, म्हणजे नमस्कार पोचला असं समजेन."

मी "बरं" म्हणाले आणि लगेच पस्तावले. कारण त्याच्या शेजारच्या उजव्या सीटवर चिमणी चढून बसली, आणि तिचा पट्टा नीट लागला की नाही ते बघायला तो वाकला. नको तितका वेळ वाकला. मला तसंही विमान कुठं आवडतं, असं मी स्वतःला बजावलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट... दुसरं काय!

रस्ता मात्र फार सुंदर होता, आणि मला त्याचाही राग आला. एका हाताला काळा खडक, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि प्रत्येक वळणावर खारा वारा काच चिकट करून जात होता. एवढं सगळं एकटीनं बघायचं म्हणजे शिक्षाच की. तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली. ते पांढरं विमान समुद्रावरून आलं, माझ्या बरोबरीनं उडायला लागलं आणि त्यानं पंख हलवले. आधी डावा, मग उजवा. आणि उजव्या खिडकीत मला चिमणीचा पिवळा स्कार्फ दिसला.

मी दिवे लावले नाहीत.

तो वळसा घालून परत आला. पुन्हा पंख हलवले. मी दिव्याचं बटण मुठीत घट्ट धरून ठेवलं, चुकूनही लागायला नको म्हणून. शेजारी तिला बसवायचं आणि नमस्कार मला करायचा? असले फुकटचे नमस्कार माझ्याकडे नकोत!

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी मावशी चहा ढवळत म्हणाली, "जोडा कसा शोभतो गं?"

"कुणाचा?" मी साळसूदपणे विचारलं.

"अगं, चिमणीचा आणि त्याचा! परवा परत गेलो की लगेच त्याच्या आईशी बोलून टाकते. चांगल्या कामाला उशीर नको."

लेकीच्या लग्नाचं बाशिंग आईच्या गुडघ्याला! चिमणी आत पडून होती. प्रवासानं दमली, असं मावशी म्हणाली. त्याची स्वप्नं बघत असणार, असं मी म्हणाले, पण मनात. मग कुणी बोलू नये म्हणून बाहेर जाऊन गाडीची काच धुवायला लागले. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मळकी काच मला बघवत नाही, आणि त्या संध्याकाळी स्वतःचे ओले डोळे तर मुळीच बघवत नव्हते.

काचेच्या पलीकडून दुसरं फडकं फिरायला लागलं.

"आज दिवे लागले नाहीत," तो म्हणाला.

"ऊन होतं."

"दोनदा पंख हलवले मी."

"तुमच्याबरोबर होती की दाद द्यायला... शेजारीच."

"शेजारी?" त्याला आधी कळेना. मग तो काचेवरचा एकच डाग पुसत राहिला. तो डाग माझ्या बाजूनं होता. "शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसलेलं माणूस होतं. मी खाली बघत होतो."

माझं फडकं थांबलं. पलीकडून त्याचंही, बरोबर माझ्या हातासमोर. मध्ये नुसती काच होती, पण मला ती तापल्यासारखी वाटली.

"उद्या लावाल?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे... बघू."

आतून मावशीनं त्याला हाक मारली. चिमणीला बंदरावर फिरवून आणायचं होतं. तो गेला. मी ती काच आणखी तीनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तीच मुळी दिव्यांवर हात ठेवून. काय तो रुसवा-फुगवा, पुरे झालं! एकदा का तो दिसला की इतके दिवे लावायचे, की मावशीनंसुद्धा समजून जावं. मध्ये एक खाडी आली. रस्ता तिला मोठा वळसा घालून पलीकडच्या कड्याला लागत होता, आणि त्या कड्यात एकापाठोपाठ एक बोगदे होते. मी अजून अलीकडेच होते, तोच विमान आलं.

माझ्या डोक्यावरून ते सरळ पुढं निघून गेलं. पलीकडच्या बोगद्यातून एक लाल गाडी बाहेर पडली, अगदी माझ्या गाडीसारखी, दिवे लावलेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तिच्यासाठी पंख हलवले! गाडीचे दिवे विझले. ती दुसऱ्या बोगद्यात शिरली, बाहेर आली, पुन्हा दिवे! पुन्हा पंख! तिसऱ्या बोगद्यानंतर तर त्यानं एक सबंध गिरकी घेतली. इतका आनंद!

मी इकडे दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. हॉर्नसुद्धा वाजवला, जणू तो आकाशात ऐकूच जाणार होता. माझ्याकडे कोण बघतंय! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिमणीचा हेवा वाटला होता तेव्हा निदान ती माझी मावसबहीण होती. ही बया कोण? सामान टाकायचं आणि असंच घरी परतायचं, हे मी शेवटच्या बोगद्यातच ठरवून टाकलं, आणि त्याच रागात पुढं त्या लाल गाडीला, आत कोण आहे ते न बघताच, मागं टाकलं.

दीपगृहाच्या धावपट्टीवर मी मावशीची बॅग गवतात आदळली, तेवढ्यात तो विमानापासून धावत आला.

"किती वेळा! अहो, मी एकदाच म्हटलं होतं, आणि तुम्ही तीन-तीनदा दिवे..."

"मी नव्हते ती."

"लाल गाडी..."

"जगात एकच लाल गाडी आहे का? तुमची ती मागून येतेय. तिलाच घ्या वजन विचारून!"

खरंच मागून दुसरी लाल गाडी आली. तिच्यातून मोठी हॅट घातलेल्या, माझ्या आजीच्या वयाच्या बाई उतरल्या.

"मघापासून माझ्या डोक्यावर कोण घिरट्या घालत होतं?" त्यांनी विचारलं. "मी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. बोगद्यात दिवे लावावेत, बाहेर आल्यावर बंद करावेत. हा मुलगा दर वेळी पंख हलवून शाबासकी देत होता. असा विद्यार्थी मला पाहिजे होता!"

मला हसू फुटलं. त्याचे कान मात्र गाडीच्या रंगाचे झाले.

विमानाच्या दारातून चिमणी उतरली. चेहरा पांढराफटक, हातात कागदी पिशवी. "ताई, ऐक," ती गवतातच बसली. "दोन दिवस माझं पोट तोंडाशी आलंय, आणि हा माणूस सारखा 'लाल गाडी दिसतेय का, लाल गाडी दिसतेय का'! शेवटची गिरकी घेतली तेव्हा मी देवाला हाक मारली. आई, मला यापुढं विमान नको आणि विमानवालाही नको. उद्या ताईची गाडी मी चालवते."

मावशीनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यावर डोळे वटारले. "काल विचारलं तर म्हणे, कुणाचा जोडा! तोंडात मूग धरले होते का गं?" मग चिमणीला उठवून ती बाईंच्या गाडीच्या सावलीला घेऊन गेली. तिला राग आला होता, पण त्याच्या आईशी बोलणं तर करायचंच होतं... मुलीचं नाव तेवढं बदलणार होतं.

आम्ही दोघंच उरलो.

"म्हणजे उद्या उजवी सीट रिकामी," तो म्हणाला. आवाजात कालची मिजास नव्हती. "पण मला विचारावंच लागेल... हिशेबासाठी."

मी खोल श्वास घेतला. आजवर हे मी डॉक्टरलासुद्धा कुजबुजत सांगितलं होतं.

"चौसष्ट," मी मोठ्यानं म्हणाले. "आणि मला तुम्ही आवडता. हे पण धरा हिशेबात."

पेन त्याच्या हातातून गवतात पडलं. त्यानं ते उचललं नाही. "मी पहिल्या दिवसापासून तुम्हाला धरूनच हिशेब करतोय," तो म्हणाला. "सत्तर धरले होते."

"सत्तर?"

"सावधगिरी म्हणून... जास्त धरतात..."

त्यानंतर मी त्याला काय म्हणाले ते त्या बाईंनीही ऐकलं, आणि त्या हसून गाडीत बसल्या.

तिसऱ्या दिवशी माझा पट्टा त्यानं दोनदा तपासला. मी हवा तितका वेळ लागू दिला. वर गेल्यावर खाली रस्ता दिसला, दोऱ्याएवढा. त्यावर चिमणी आणि मावशी बसलेली माझी गाडी कुठं आहे ते मी शोधायला लागले. सापडेना. ऊन, खडक, लाटा, सगळं चकाकत होतं, आणि मधूनच एखादा लाल ठिपका यायचा आणि वळणाआड जायचा. डोळे दुखायला लागले. दोन दिवस हा माणूस एवढ्यातून मला शोधत होता, आणि मी खाली बटण धरून बसले होते.

"दिसली का?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही नका शोधू. खाली बघून पुरे झालं, आता समोर बघा."

"आणि शेजारी?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, हसणं त्याला दिसू नये म्हणून.

"शेजारी बघा... अधूनमधून."