होकारार्थी मान हलवा

दादाचं सोशल मीडियावरचं खातं बंद करायचं, वहिनीच्या हातचा चहा घ्यायचा आणि उजेड आहे तोवर घरी परतायचं, एवढंच ठरवून मी त्या दुपारी निघाले होते.

दादाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. पण त्याच्या खात्यात कुणीतरी परकं शिरलं होतं. त्याच्या जुन्या व्हिडिओंवरून हुबेहूब चेहरा, हुबेहूब आवाज बनवून ते आईला पाठवत होतं, 'आई, मी येतोय. कडी लावू नकोस.' वहिनीने आईला समजावून समजावून हात टेकले. आई मान डोलवायची आणि घर झोपलं की हळूच कडी काढून ठेवायची. परवा सकाळी दार सताड उघडं सापडलं.

कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला, तर छापील उत्तर आलं : खातेदाराने आपल्या फोनसमोर स्वतः चेहरा दाखवावा.

"आता कुठून आणू यांना?" वहिनी म्हणाली. "वन्सं, फोटो धरून बघूया का?"

आई आतल्या खोलीत पडली होती. आम्ही दादाचा फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. समोर दादाची खुर्ची. वहिनी तिच्यात बसली आणि त्याचा फोटो आपल्या तोंडासमोर धरला.

'जिवंत चेहरा दाखवा,' पडद्यावर आलं.

पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी वहिनीने फोटो पालथा ठेवला आणि डोळे पुसत उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

खुर्ची रिकामी होती. फोन तिच्याकडेच बघत होता.

'चेहरा मिळाला. किंचित जवळ या.'

खुर्चीचा वेत करकरला. दादा टेबलाकडे वाकायचा, तेव्हा करकरायचा तसाच. खोलीत त्याच्या गुडघ्याच्या मलमाचा वास पसरला... आधी पुसट, मग नाकात झोंबणारा.

'डोळे मिचकावा.' हिरवी खूण उमटली.

'मान डावीकडे वळवा.' डावीकडे आम्ही होतो.

हिरवी खूण उमटली.

"वन्सं..." वहिनीची बोटं माझ्या दंडात रुतली. "हे... हेच आहेत ना?"

पडद्यावर शेवटची ओळ आली : 'खातं कायमचं बंद होईल. होकारार्थी मान हलवा.'

आणि सगळं थांबलं. खूण काही उमटेना. खुर्चीतून नुसता श्वास ऐकू येत होता, दम लागल्यासारखा. वहिनी एक पाऊल पुढे सरकली.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, रोज त्याला जेवायला बोलवायची तशी. "आईंसाठी... करा ना बंद."

किती वेळ गेला कोण जाणे. खुर्ची पुन्हा करकरली.

हिरवी खूण.

वास विरून गेला. वहिनी खाली बसून ओक्साबोक्शी रडली, आणि मीही. भीती होतीच, पण दादा आमच्यासाठी आला होता, या विचाराने ऊर भरून आला होता. चहा करायला आम्ही दोघी एकत्रच उठलो. एकटीने आत जायची हिंमत कुणालाच नव्हती.

चहा उकळत असतानाच माझा फोन वाजला. कंपनीतली कुणी मुलगी होती, आवाज गोड, कामाचा.

"खातं बंद झालंय, मॅडम. साहेबांची पडताळणी मी स्वतः पाहिली, सगळं व्यवस्थित आहे. फक्त एक विनंती होती..."

"काय?"

"पुन्हा कधी वेळ आली, तर साहेबांना एकटंच बसवा. मागून वाकून ते दुसरे गृहस्थ सारखे त्यांच्या कानात काहीतरी सांगत होते. साहेब बराच वेळ नाही-नाही म्हणत होते. शेवटी त्या गृहस्थांनीच हनुवटी धरून त्यांची मान हलवली..."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पाहिलं. खुर्चीची पाठ भिंतीला चिकटलेली होती. मागे हात घालायलाही जागा नव्हती.