वाळायला ठेवलेला वाडगा

"थांबा! अहो, थांबा म्हणते ना! तिथून नको!"

कालव्याच्या काठानं मी धावत सुटले होते. एका पायात चप्पल, दुसरी कुठे पडली देव जाणे. समोर वाळुंजाच्या झाडावर दोरखंडाला लटकलेला एक माणूस मशीनची करवत घेऊन माझ्या गाठीवर नेम धरत होता. माझी म्हणजे तशी झाडाचीच. पण चार वर्षं माझा तिच्यावर डोळा होता. वादळात पिचलेल्या फांदीवर ती कलिंगडाएवढी फुगलेली होती.

करवत थांबली. "काय झालं? कोणी खाली सापडलं का?"

"गाठ सापडली असती! मधोमध कापताय तुम्ही ती!"

"बाई, हा झाडाचा आजार आहे."

"तो आजार आमच्या लेथवर चढला की बघायला या."

"बोलावताय?"

असा आगाऊ माणूस! पण हात मात्र भलताच हळुवार. गाठीच्या दोन्ही बाजूंना वीतभर लाकूड सोडून त्यानं फांदी कापली, आणि झोपलेलं मूल द्यावं तशी ती दोरीनं अलगद माझ्या हातांत उतरवली. मग स्वतः खाली आला, घाम पुसला आणि म्हणाला, "अर्धी माझी हं. जीव मी टांगला होता."

न्याय होता. कबूल केलं.

आमचं लाकूड कातायचं दुकान म्हणजे बाबा, मी आणि दोन लेथ. त्याच दिवशी त्याच्यासमोरच गाठीचे दोन तुकडे केले आणि त्याच्या वाट्याचा तुकडा मी आधी लेथवर चढवला. ताजं वाळुंज इतकं ओलं असतं की फिरताना तोंडावर पाणी उडतं. मला सवय आहे. तो मात्र कौतुकानं पुढे वाकला आणि नखशिखांत भिजला! मी खो-खो हसले. तो हसला नाही. कीस उडत होता, आतून लाकडाचे भोवरे उमलत होते, बारीक बारीक डोळे उघडत होते...

"हे सगळं... आत होतं?" त्यानं विचारलं. पापण्यांवर पाण्याचे थेंब तसेच.

मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझी पटाशी दोनदा घसरली. बाबा पलीकडून खाकरले.

ओला वाडगा लगेच पातळ करायचा नसतो, नाहीतर वाकडा होतो. जाड ठेवायचा, सावलीत वाळवायचा, दर आठवड्याला वजन करून बुडावर पेन्सिलीनं लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. मग शेवटचा हात फिरवायचा.

"किती दिवस लागतील?"

"तीन-चार महिने."

"तोवर इथलं, कालव्याकाठच्या फांद्या छाटायचं काम चालेल," तो म्हणाला. "मग वाडगा घेईन आणि पुढच्या गावी. तोवर दर रविवारी येऊन वजन करू?"

"वाडगा तुमचा, काटा आमचा. या की."

किती सहज बोलून गेले मी! पुढे रविवार म्हटलं की शनिवारीच माझे केस धुऊन व्हायला लागले. तो यायचा, वजन करायचा पाच मिनिटं आणि बसायचा तीन तास. एकदा माझ्या बोटात कुसळ गेलं. त्यानं चिमटा घेतला, माझा हात हातात घेतला, आणि...

"निघालं का?" मी विचारलं.

"मघाशीच."

"मग हात?"

"तपासतोय... अजून एखादं असलं तर."

मी हात सोडवून घेतला नाही. का घेऊ?

पण वाडग्याला कुठली दयामाया! दहाव्या रविवारी वजन जेमतेम चिमूटभर उतरलं. त्यानं आकडा लिहिला, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाला, "आलंच वाळत."

वाळलं की हा जाणार. कालवा आमच्या गावचा, माणूस थोडाच आमच्या गावचा! 'जाऊ नका' म्हणायचं तर कुठल्या नात्यानं?

मग मी ते केलं. कुठलाही कातारी शत्रूच्या लाकडालाही करणार नाही, ते. शुक्रवारी त्याचा वाडगा ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला. रविवारी पहाटे पुसून फळीवर मांडला. वजन वाढलं! "दमट हवा हो," मी म्हणाले. त्यानं मुकाट्यानं आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

चौदाव्या रविवारी तो काट्याजवळ उभा असतानाच बाबांनी एका हातात माझ्या अर्ध्यातून कातलेला वाडगा घेतला, दुसऱ्या हातात त्याचा.

"कार्टे, एकाच गाठीचे दोन भाऊ. एक हलकाफूल आणि दुसरा धोंडा? हे लाकूड वाळतंय की पाणी पितंय?" त्यांनी तो उलटा केला. बुडावर बुरशीचे काळे डाग पसरले होते. "हा नासला."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाबांनी वाडगे ठेवले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि "चहा टाकतो" म्हणत आत गेले.

"मीच भिजवत होते," मी म्हणाले. "चार वर्षं वाट बघून मिळालेलं लाकूड मी माझ्या हातानं नासवलं. वाळलं असतं तर तुम्ही गेला असता. आणि मला... मला तुम्ही हवे आहात. हं, सांगितलं. आता हसा खुशाल."

तो हसला नाही.

"कालव्याचं काम महिन्यापूर्वीच संपलं," तो म्हणाला.

"काय?"

"नवीन काम इथून तीन तासांवर आहे. रविवारी पहिली बस धरून येतो."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला उगीच हेलपाटा, वाडगा पाठवून देते."

म्हणालेच असते. तोंडच तसं आहे माझं.

"आणि मला लाकूड कळतं गं," तो हळूच म्हणाला. "वजन वाढलं त्या दिवशी बसमध्ये एकटाच हसत बसलो होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला."

मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. त्यानं माझ्या गालावरचा कीस बोटानं टिपला. गालावर कीस नव्हताच, हे दोघांनाही माहीत होतं.

आतून बाबांचा आवाज आला, "पुढच्या रविवारी जेवायलाच या म्हणावं त्यांना!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. झाडावर बेधडक लटकणारा माणूस, पण आता कानापर्यंत लाल झाला होता.

"एकटा येऊ... की आईला घेऊन येऊ?"

मी त्याच्या नजरेला नजर दिली.

"आईला घेऊन ये," मी म्हणाले.

आत बाबांनी कोणालाही न विचारता तिन्ही कपांत दोन-दोन चमचे साखर घातली.