क्रूसाखालचा मेणाचा कान

सुमेधला कुणी काही सांगितलं की तो नुसती मान हलवायचा आणि स्वतःचंच बोलत राहायचा. चपला बाहेर काढ म्हटलं, तर चपलांसकट आत. डबा धुऊन पाठव म्हटलं, तर खरकटा परत. पाचूबंदरच्या इझाबेलबायच्या डोळ्यांत हा कलाकार पहिल्या दिवसापासून खुपला.

बनवून सांगायची मला हौस नाही. २००४ सालचा मे महिना. आणि रात्र नव्हती...

भर दुपार होती.

इझाबेलच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, एका मेलेल्या डॉक्टरचा बंद दवाखाना. काचेच्या कपाटात त्याच्या जुन्या वस्तू : पितळी पिचकाऱ्या, प्लास्टरचे पाय, दातांचे साचे. कुठल्याशा संस्थेने तिथे कलाकार ठेवायला सुरुवात केली. दोन महिने फुकट राहायचं, वस्तू बघायच्या आणि त्यावरून कला करायची. जेवण इझाबेलकडून.

"मेल्या मानसाचे दात बघून याला कला सुचते," ती म्हणायची. "माझ्या सासऱ्याची कवळी पन घेऊन जा म्हनावं."

तिच्या घरापुढच्या क्रूसाखाली मेणाचा एक कान होता. नवसाचा. तिची नात अमिषा, तिचा डावा कान तापात बहिरा झाला होता. इझाबेल नवस बोलली, पोरीला पुन्हा ऐकू आलं, मग तिने मेणाचा कान वाहिला. गावात त्याला कुणी हात लावत नसे.

त्या दुपारी इझाबेलने अमिषाला डाव्या बाजूने हाक मारली.



अगदी जवळ जाऊन मारली. पोर वळलीच नाही.

 इझाबेल धावत क्रूसापाशी गेली...

कान नव्हता.

मागून अमिषा आली, डावा कान दाबत. "आजी, सुमेधदादा फोनवर बोलतो. म्हनतो, म्हातारी खवट आहे, पन कालवण झकास."

दवाखान्याच्या खिडक्या बंद होत्या.

"आनि त्याच्या मागं लोक खोकतात, आजी. लय लोक. एक बाई विचारते... डॉक्टर कधी येनार?"

इझाबेल तडक दवाखान्यात घुसली. सुमेध एकटाच होता. हातात मोबाईल. आणि कपाटात, प्लास्टरच्या पायाशेजारी...

तो कान.

"आंटी, तो तिथे नुसता पडला होता."

"तुझं डोकं पन खांद्यावर नुसतंच पडलंय. तेही उचलून नेऊ?"

तिने कान हातात घेतला. कोमट लागला. जिवंत माणसाचा असतो तसा.

तो तोंडाशी धरून ती हळूच पुटपुटली, "अमिषा, खिडकी उघड."

रस्त्यापलीकडे खिडकी उघडली.

सुमेध पांढराफटक पडला. इझाबेलने कान पुन्हा क्रूसाखाली ठेवला. दिवेलागणीपर्यंत अमिषाला नीट ऐकू यायला लागलं. खोकलाही थांबला.

तिच्यापुरता.

सकाळी सुमेध दारात उभा. पहिल्यांदाच चपला बाहेर काढून. डोळे तारवटलेले.

"आंटी, खोकतंय कोण? ती बाई... ती मला डॉक्टर म्हणते. विचारते, आत येऊ का?"

इझाबेलने कान देऊन ऐकलं. काहीच नाही. तरी तिने अमिषाला मागच्या खोलीत पाठवलं आणि गळ्यातला क्रूस मुठीत धरला. त्या बाजूची खिडकी ती अजूनही उघडत नाही.

पण तेव्हा आवाज मात्र तिने चढवलाच :

"आल्यापासून जित्या मानसाचं काही ऐकलं नाहीस तू. आता बसलायस ना त्यांच्या दवाखान्यात? मग त्यांचं तरी ऐक."