लाल विजयी

सीताराम मेश्राम गार्गीच्या घाटकोपरमधल्या लहानशा डिटेक्टिव्ह ऑफिसात आले, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढून गार्गीपुढे ठेवली.

"मॅडम, कुणाला पकडायचं नाहीये. एवढंच शोधून द्या, माझा मुलगा शेवटी माझ्याशी खोटं बोलला का?"

चैतन्यचा हात कीबोर्डवर थांबला. गार्गीकडे दोन वर्षं काम करताना त्याने संशयी नवरे पाहिले होते, भांडलेले भागीदार पाहिले होते. असा प्रश्न घेऊन कुणी आलं नव्हतं.

"बसा काका, नीट टेकून," गार्गी म्हणाली. "सुरुवातीपासून सांगा."

सीताराम महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. चेंबूरला घर. प्रबुद्ध एकुलता एक. दर रविवारी तो मुलुंडच्या एका क्लबात पटावरचं युद्ध खेळायला जायचा. मोठं टेबल, पुठ्ठ्याचे किल्ले, बोटाएवढे सैनिक. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, सगळीकडच्या डावांचे निकाल मुलुंडला एका ठिकाणी नोंदले जायचे.

"मार्चमधला दुसरा रविवार. आदल्या दिवशी त्याला केमोचं सलाईन लावलं होतं. सकाळी हॉस्पिटलातून सोडलं, तर म्हणाला, बाबा, घरी नको, सरळ मुलुंडला. हातात औषधांची पिशवी तेवढी. बोटं बधिर झालेली, चहाचा कप धरता येत नव्हता. मी खाली बाकावर बसून राहिलो. तीन तासांनी उतरला आणि म्हणाला, बाबा, मिहिरला हरवलं. दोन वर्षांत त्याला कुणी हरवलं नव्हतं, मी हरवलं."

गार्गीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"दुसऱ्याच दिवशी परत ॲडमिट केलं. अकरा दिवसांनी गेला. आता क्लबने त्याच्या आठवणीसाठी ही पुस्तिका काढली. त्याचे सगळे डाव आहेत. शेवटचं पान बघा."

चैतन्यने वाकून पाहिलं. 'डाव २१२. प्रबुद्ध विरुद्ध मिहिर. मिहिर विजयी.'

काका गेल्यावर तो हळूच म्हणाला, "गार्गी, बोलला असेल यार. बापाला बरं वाटावं म्हणून. मी पण तेच केलं असतं."

"तू केलं असतंस. त्याने केलं का, ते बघू."

*

मुलुंडचा क्लब म्हणजे सोसायटीच्या वाचनालयावरचा हॉल. नोंदी ठेवणाऱ्या पद्मजाताईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत क्रमाने लावलेली कार्डं होती.

"प्रत्येक डावाचं एक कार्ड," त्या म्हणाल्या. "वर दोघांची नावं, मग एकेका फेरीचे फासे, पडलेले सैनिक, निकाल, खाली दोघांच्या सह्या. मी दर सोमवारी संगणकात चढवते. कुठली फौज सारखी जिंकते ते आकड्यांवरून कळतं, मग नियम बदलता येतात."

"त्या रविवारी तुम्ही होतात?"

"नाही गं, भाचीच्या साखरपुड्याला कुर्ल्याला. पण कार्ड आहे ना!"

दोनशे बारा नंबरचं कार्ड गार्गीने खिडकीशी धरलं. अठरा फेऱ्या, अठरा सरळ ओळी, गोल ठसठशीत अक्षर. पण प्रत्येक ओळीची शाई उजवीकडे किंचित फरफटलेली. शेवटी: 'लाल विजयी. निळे संपले.' खाली दोन सह्या. प्रबुद्धची सही तुटक, थरथरती.

"कसं पुसलंय बघ," चैतन्य कुजबुजला. "घाम असेल बिचाऱ्याचा."

"लाल म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही," गार्गी म्हणाली.

पद्मजाताई हसल्या. "लिहायला कशाला हवं? आमच्यात फौज जो तो स्वतः रंगवतो. मिहिर लाल, प्रबुद्ध निळा. सहा वर्षं हेच."

"आणि कार्ड कोण लिहितं?"

"हरलेला. जुना रिवाज आहे. जिंकलेल्याने लिहिलं की बढाया येतात. मी काही अक्षर बघत नाही, आकडे बघते."

हॉलची किल्ली यज्ञेशकडे असायची. तो कपाटापाशी कुरकुरत होता.

"डाव मी लांबून पाहिला. लाल फौज किल्ल्यात घुसली, एवढं आठवतं. माझं डोकं दुसरीकडेच होतं. नव्या लोकांसाठी क्लबची एक जुनी, हलक्या प्लास्टिकची निळी फौज आहे ना, त्यातली तोफ त्या दिवशी कुणीतरी मोडली. नवीन कुणी आलंच नव्हतं, तरी मोडली! विचारलं तर सगळे गप्प. शेवटी मीच चिकटवली."

मिहिर संध्याकाळी बँकेतून परस्पर आला. तिशीचा, मितभाषी. त्याने डबा उघडून आपली लाल फौज दाखवली. प्रत्येक सैनिक रुंद, जड चकतीवर उभा होता. धक्का लागला तरी पडला नसता.

"कसा झाला डाव?" गार्गीने विचारलं.

"चांगला."

"प्रबुद्ध कसा खेळला?"

"कधी नव्हे इतका."

"तरी हरला?"

मिहिरने डब्याचं झाकण लावलं. "कार्डावर आहे ना सगळं."

"बरं. तुझा नंबर लिहून देशील?"

त्याने तिच्या वहीत नंबर लिहिला. ती वही गार्गीने चैतन्यच्या हातात दिली. चैतन्यने ती बॅगेत टाकली.

*

पुढच्या रविवारी सगळे हॉलमध्ये जमले. सीताराम टेबलाच्या एका टोकाला बसले. समोर पुठ्ठ्याचा किल्ला रिकामाच होता.

"काकांनी सांगितलं, प्रबुद्ध हॉस्पिटलातून थेट आला," गार्गीने सुरुवात केली. "हातात औषधांची पिशवी. म्हणजे त्याची निळी फौज?"

"घरी. कपाटावर," सीताराम म्हणाले. "अजून तिथेच आहे."

"आणि नवीन कुणी नसताना क्लबची निळी फौज बाहेर निघाली. तोफ मोडली."

"मग सोपं आहे," चैतन्य म्हणाला. "प्रबुद्धने क्लबची निळी घेतली. लाल मिहिर. लाल जिंकले." बोलून झाल्यावर त्याने काकांकडे पाहिलं आणि त्याला आपलीच लाज वाटली.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण हे कार्ड बघ. काकांनी सांगितलं, प्रबुद्धला कप धरता येत नव्हता. त्याची सही बघ, कशी थरथरलीय. तो हात अठरा ओळी इतक्या ठसठशीत लिहील?"

चैतन्यने मान हलवली.

"आता वही काढ. नंबर बघ."

चैतन्यने पान उघडलं. आकडे गोल, ठसठशीत. आणि शाई उजवीकडे फरफटलेली.

"डावखुरा माणूस लिहिताना तळहात ओल्या शाईवरून ओढत नेतो," गार्गी म्हणाली. "ते पुसणं घामाचं नाही, चैतन्य. कार्ड मिहिरने लिहिलंय. आणि इथे कार्ड कोण लिहितं?"

पद्मजाताईंचा हात डब्यावर होता. तो तिथेच राहिला. "हरलेला," त्या म्हणाल्या.

"कार्ड खरंच आहे. लाल जिंकले. फक्त त्या दिवशी लाल प्रबुद्ध होता. क्लबचे जुने सैनिक हलके, बधिर बोटांत टिकणार नाहीत. मिहिरचे जड, रुंद बुडाचे. मिहिरने आपली फौज त्याला दिली आणि स्वतः क्लबची निळी घेतली. ताईंनी सोमवारी 'लाल' वाचलं आणि सवयीने मिहिरचं नाव घातलं. चूक तेवढीच. पण ती चूक एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होती."

मिहिर उठून उभा राहिला.

"सोमवारी यादीत माझं नाव पाहिलं. म्हटलं, रविवारी सांगू. दोन वर्षं हरलो नव्हतो, एक आठवडा अजून, इतकंच. रविवारी कळलं, तो आयसीयूत आहे. मग तो गेला. मग रोज वाटायचं, आता कुठल्या तोंडाने सांगू? तोफ पण माझ्याच हातून मोडली, यज्ञेश."

"अरे, तोफेचं जाऊ दे," यज्ञेश पुटपुटला.

सीतारामांनी मिहिरकडे पाहिलं. चैतन्यला वाटलं, झालं, आता म्हातारा माणूस मोकळा होईल. पण त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती.

"एक खरं सांग बाळा," ते म्हणाले. "तू त्याला तुझी फौज दिलीस. तो आजारी होता. डावही दिलास का?"

हे मात्र कुठल्या कार्डावर नव्हतं. चैतन्यने गार्गीकडे पाहिलं. तीही मिहिरकडेच पाहत होती.

"नाही काका," मिहिर म्हणाला. "दिला असता तर लपवला नसता. चार लोकांत सांगितला असता, बघा, मी किती चांगला. खरोखर हरलो, म्हणूनच गप्प बसलो."

सीतारामांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

पद्मजाताईंनी कोरं कार्ड काढलं. "दुरुस्तीचं कार्डही हरलेल्यानेच लिहायचं," त्या म्हणाल्या. मिहिरने डाव्या हाताने लिहिलं: 'डाव २१२. दुरुस्ती. लाल विजयी. लाल: प्रबुद्ध.' सही केली आणि थांबला. दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती.

"पेन द्या," सीताराम म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, कार्ड सरळ केलं आणि आयुष्यभर ऑफिसात साहेब नसले की त्यांच्याकरिता जशी करत आले तशी, सावकाश, एकही अक्षर न गाळता सही केली:

'प्रबुद्ध सीताराम मेश्राम यांचेकरिता, वडील.'

मग शाई वाळेपर्यंत त्यांनी कार्डाला कुणाला हात लावू दिला नाही.