झील कुणी धरली

हैबतराव ही गोष्ट दिवसा सांगत नाहीत. कासार आंबोलीत त्यांच्या ओट्यावर जेवणं उरकली, अंगणातला दिवा मालवला, की पुतण्या शंभू आणि नात आरोही त्यांच्या मागं लागतात.

"खरं घडलेलं सांगा आजोबा. थापा नकोत," आरोही म्हणते.

"थापा मारायला मी काय प्लॉटचा एजंट हाय व्हय?" म्हातारा खेकसतो. "जोतिबा धनगर माज्या रानात मेंढरं बसवायचा. त्याच्या तोंडचं सांगतुया. ऐकायचं तर गप ऐका."

तर ते असं.

गेल्या साली, मार्गशीर्षातल्या अमावास्येची आदली रात्र. जोतिबा दिवस कलताना पौडाला गेला होता. हार्डवेअरच्या दुकानातून त्यानं तांब्याची सळई घेतली, हिरवी वायर घेतली आणि शेजारच्या वाण्याकडून पिशवीभर खडेमीठ.

"एवढं मीठ? लोणचं घालतूस का काय?" वाणी हसला.

"अर्थिंग करायचंय," जोतिबा म्हणाला. हसला नाही.

हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच्या आईच्या, बानूबाईच्या, घशात गाठ होती. दुसऱ्या दिवशी पुण्यात ऑपरेशन. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. गळ्यातलं आवाजाचं यंत्रच काढायचं. आणि बानूबाई म्हणजे कोण? उभ्या मुळशीत तिच्यासारखी ओवी म्हणणारी धनगरीण नव्हती. जोतिबाची पोर सोनिया अजून नीट बोलतही नव्हती. तिला आजीचा आवाज कधी कळणार? आवाज भरून ठेवायचा तर त्याच रात्री. महिनाभर तो आईच्या मागं लागला होता आणि म्हातारी म्हणत होती, "मी काय मेली का, आवाज डब्यात भराया?" त्या दिवशी कुठं कबूल झाली.

जोतिबानं मेंढरं कधीच विकली होती. तो एका मांडववाल्याकडं स्पीकरचं काम करायचा आणि माळाखालच्या एका बंगल्याची राखण करायचा. मालक वर्षातून दोनदा येणार, बाकी सगळा शुकशुकाट. बंगल्यामागच्या खोलीत त्यानं माईक उभा केला, लॅपटॉप मांडला, कानाला हेडफोन लावले.

घर्रर्र...

ही घरघर त्याच्या ओळखीची. लग्नात स्पीकर लावला की विजेच्या तारेतून आवाजात शिरते ती. अर्थिंग धड नसलं की हमखास. म्हणून तर सळई आणली. त्यानं भिंतीकडेला खड्डा घेतला, सळई ठोकली, मीठ आणि कोळसा घातला, वर कळशीभर पाणी ओतलं.

बानूबाई घोंगडीवर बसून बघत होती. "आरं, झील कोन धरनार?"

आता शहरातल्या वाचणाऱ्यांना सांगायला हवं. ओवी एकट्यानं म्हणायची नसते. गाणाऱ्यानं ओळ टाकायची आणि साथीदारांनी तिचा शेवट उचलून धरायचा. त्याला झील म्हणतात.

"झील नको आये. मला तुजा एकटीचा आवाज पायजे. सोच्छ. झील मागनं जोडतो."

"मी धरते की," सोनियाला थोपटत बायको शारदा म्हणाली. "सासूबायच्या मागं धा वर्सं धरतीया."

"तू पोरीला घिऊन तिकडं नीज. ती रडली तर समदं वाया."

शारदा गेली. तोंड फुगवून गेली. बानूबाई मात्र लेकाकडं बघत राहिली.

"जोत्या, रातच्याला ओवी उघडी टाकत न्हाईत बाबा. मान्सानं न्हाई धरली तर..."

"तर काय?"

"कुनीतरी धरतंया."

"बरं बरं. आता सुरू कर."

शंभू इथं हमखास खिदळतो, आणि हैबतराव त्याच्याकडं नुसतं बघतात. मग तो सरकून आरोहीजवळ बसतो.

बानूबाईनं सुंबरान मांडलं. देवाला हाक घातली. घसा बसलेला, पण सूर कसा? दगडावर घासलेल्या कोयत्यासारखा. जोतिबाचे डोळे भरले. मग तिनं ओळ टाकली.

"कळप माजा पानी पितो, मुळेच्या काठी..."

आणि थांबली. झीलीपुरती जागा सोडून थांबली. सवयच ती.

त्या जागेत घरघर आली.

जोतिबानं खुणेनं तिला थांबवलं. फ्रीज बंद केला. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतलं. माईकची वायर विजेच्या वायरीला लागून गेली होती, ती लांब ओढली. मोबाईल बाहेर ओट्यावर ठेवला. पुन्हा पहिल्यापासून.

ओळ. थांबणं. घरघर.

त्यानं दिवा घालवला. वर जाऊन मेनस्विचच पाडला. साऱ्या बंगल्यात वीज म्हणून राहिली नाही. कंदील लावून तो बसला. आता घरघर यायला वाटच नव्हती.

"आता म्हन आये. मधी थांबवत न्हाई."

तिनं डोळे मिटले. ओळ टाकली. थांबली.

घर्रर्र...

जोतिबानं हेडफोन काढले. खोलीत काही नाही. रातकिडे. कंदिलाची वात. पुन्हा लावले.

ती गाताना घरघर नव्हती. ती थांबली की होती.

मग त्याच्या लक्षात आलं. घरघर एका सुरात नव्हती. वर चढत होती. खाली येत होती. चालीत होती.

"...च्या काठी."

एक आवाज. जाड. लांबून येणारा, रानातून साद घातल्यासारखा. बानूबाईनं पुढची ओळ टाकली. पुन्हा आवाज. आता माळावरून नाही. अंगणातून.

पुढची ओळ.

आता दारातून.

माईकची वायर उपटावी म्हणून त्यानं हात घातला. हात तिथंच राहिला. वायर उपटली तर आईचा आवाजही गेला. उद्या तो कुठून आणायचा? आईला थांबवावं, तर ती आता पुन्हा म्हणेल एवढा दम गळ्यात नव्हता. वायर धरून तो बसून राहिला.

मग वाटलं, आपणच झील धरावी. माणसानं धरली म्हणजे झालं. त्यानं तोंड उघडलं.

आवाज फुटेना.

ओठ हलले. घसा हलला. काही नाही...

बानूबाई गात होती. चेहरा दाराकडं. थांबायची आणि गालात हसायची. कोणी जुनं माणूस भेटावं तशी. आणि झील आता माईकच्या अगदी पुढ्यात होती. कोणी घोंगडीवर तिच्या मांडीला मांडी लावून बसावं, तिथून.

ओवी संपली.

खोलीत शांत झालं. हेडफोनातही.

"कोन रं होतं झीलीला?" बानूबाईनं विचारलं. "लई जुनी चाल धरली."

जोतिबानं मान हलवली. कोणी नाही.

तिनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घोंगडी पांघरून आडवी झाली. उजाडताच तिला पुण्याला नेलं.

ऑपरेशन चालू असताना जोतिबानं बाहेरच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर आवाजाची रेघ असते. आवाज असला की डोंगरासारखी वर येते, नसला की सपाट. त्यानं सुरुवात लावली. सपाट. पुढं नेलं. सपाट. अशी स्वच्छ शांतता त्यानं उभ्या जन्मात भरली नव्हती. मग रेघ उठली आणि कानात तो जाड आवाज आला... "च्या काठी." पुन्हा सपाट. पुन्हा झील. शेवटपर्यंत तसंच. आईची एकही ओळ नव्हती.

आत तिचा गळा कापत होते.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? पण म्हातारी शुद्धीवर आल्यापासून कानाला हात लावून खुणावत होती. तो आज-उद्या करत राहिला. शेवटी शारदा तडकली, "द्या की वो! त्यांचाच आवाज हाय, तुमी कशाला दाबून बसलाय?"

त्यानं हेडफोन आईच्या कानाला लावले आणि मान खाली घातली. पडद्यावर रेघ सपाट चालली होती. मग त्यानं वर बघितलं. म्हातारीचे ओठ हलत होते. रेघ उठली, ओठ थांबले. रेघ सपाट झाली, ओठ हलले. गळ्यात नळी. आवाज कुठंच नाही, ना तिच्यात, ना डब्यात. डोळ्यांना मात्र धार, आणि चेहरा असा, की पोरानं जत्रेत नेलंय.

ओवी संपली तसं तिनं सोनियाला जवळ ओढलं. पुन्हा लावायला खुणावलं. हेडफोन त्या चिमुरडीच्या कानावर दोन्ही हातांनी दाबून धरले.

रेघ सपाट होती. पोरगी डोलायला लागली. ओवीच्या ठेक्यात, मान हलवून, हसत.

रेघ उठली की ती डोलायची थांबायची. आणि जोतिबाच्या खांद्यावरून मागं कोणाकडं तरी बघायची.

मागं भिंत होती.