झिलकऱ्याचा पाय

आवाज साठवणाऱ्या यंत्रपेटीतून वाजणारा डफ पुन्हा बंद पडला, तसा भगवंत लोखंडे खाली वाकला. पाहतो तर पायपट्टीच्या दोन बटणांना त्यानं एकच क्रमांक देऊन ठेवला होता. झील सुरू केली की डफ थांबत होता.

"मिडी म्हंजे आवाज न्हवं, नुसता निरोप," तो बायकोला, वत्सलाला सांगू लागला. "कुठलं बटण दाबलं, एवढंच पट्टी पेटीला कळवती. त्या क्रमांकाचा आवाज मग पेटी पुन्हा पुन्हा वाजवत ऱ्हाती." शब्द गळ्याला टेकवलेल्या यंत्रातून सपाट, एका सुरात येत होते. कर्करोगात स्वरयंत्र गेल्यापासून तो असाच बोलायचा.

शाहीर वत्सला लोखंडे हिच्या ओळीमागं 'जी जी रं जी'ची झील त्यानंच आजवर धरली होती. आता ती जुन्या रेकॉर्डिंगमधून पेटीत भरली होती, आणि वत्सलानं गाता गाता बटण दाबून ती सोडायची होती. पण शाहिराचा पाय कुठला स्वस्थ बसतोय! ओळ ठासून सांगताना तिनं सवयीनं पाय आपटला, आणि अर्ध्या ओळीतच भगवंताचा जुना आवाज 'जी जी' करत उठला.

"अवो, ह्ये माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," ती हसत सुटली. "तुम्हीच बसा पट्टीवर. झील तुमची, पाय बी तुमचाच असू दे."

भगवंताला तेच हवं होतं. शस्त्रक्रियेनंतर तो प्रेक्षकांत बसायचा, आणि ते त्याला फार लागायचं.

पट्टी नव्या पद्धतीची होती. पाय उशिरा पडला तरी ताल चुकू नये म्हणून ती दाबणाऱ्याची लकब आणि गाणाऱ्याची चाल ऐकून शिकून घ्यायची, आणि अंदाजानं झील आधीच तयार ठेवायची. तालमींत पट्टीनं भगवंताचा पाय चांगलाच ओळखला.

पलूसच्या कार्यक्रमात रंग भरला. पोवाड्याच्या तिसऱ्या चौकात मात्र वत्सला ओळ विसरली. पूर्वी अशा वेळी भगवंत झील लांबवून तिला सांभाळून घ्यायचा. आताही झील लांबली, तिला ओळ आठवली, टाळ्या पडल्या. भगवंतानं खाली पाहिलं. घाबरून त्यानं पाय केव्हाच उचलला होता, तरी झील थांबली नव्हती. आणि तालमीत तर त्यानं झील एकदाही लांबवली नव्हती. पट्टीनं ते जुन्या रेकॉर्डिंगमधूनच उचललं असणार.

सभागृह रिकामं झाल्यावर वत्सला चहा घेऊन आली. "आज सांभाळलंत बघा. अगदी पयल्यावानी."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मंचावरची जागा राहिली असती. पण तिच्याशी खोटं वागायला त्याचं मन धजेना.

"मी न्हवतो," तो म्हणाला. दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि तिला गायची खूण केली. वत्सलानं ओळ म्हटली. झील आली, नेमकी जागच्या जागी. दुसरी ओळ म्हटली, पुन्हा आली. तिच्या अंगावर काटा आला. किती हुबेहूब, आणि माणूस समोर गप्प बसलेला!

"मग मी खाली बसू?" त्यानं विचारलं. यंत्राला दुःख बोलता येत नव्हतं, पण तिला ते ऐकू आलं.

"पाय ठेवा पट्टीवर," तिनं डफ उचलला. उभ्या उभ्या नवी ओळ जुळवली: "गळा गेला तरी गातो धनी..." आणि नेहमीच्या जागेच्या अलीकडेच, श्वास अर्धा ठेवून थांबली. पट्टी गप्प. भगवंतानं तिचा खांदा किंचित खाली आलेला पाहिला आणि पाय टेकवला. जी जी रं जी!

"बघितलंसा? पट्टीला न्हाई कळलं."

"आता कळलं," तो म्हणाला. पट्टीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "फुडल्या खेपंला झील तीच देईल."

"देऊ दे. तवर मी दुसरी ओळ बांधीन."

भगवंतानं पाय हलवला नाही. वत्सला साठीला आली होती, ओळी आताच विसरू लागली होती, आणि पट्टी काहीच विसरत नव्हती. केवळ त्याला शेजारी बसता यावं म्हणून वत्सलाला पट्टीच्या पुढं एक ओळ किती दिवस राहता येईल?